बीएसए एम२० : फोर्कची पिन बनवून घेतली, नट तीन आट्यांवर जाम होतोय

आजोबांचीगाडी (सांगली)
आजोबांनी लष्कराच्या लिलावातनं घेतलेली बीएसए एम२० (जुनी ब्रिटिश मोटारसायकल, ४९६ सीसी, साइड व्हॉल्व्ह) गोठ्यातनं बाहेर काढलीय. गंज आहे, पण बहुतेक सगळं जागच्या जागी आहे. नाही ती फक्त पुढच्या गर्डर फोर्कची (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची) खालची एक पिन. तिच्या जागी कुणीतरी सळईचा तुकडा घालून दोन्ही टोकांना वेल्डिंग मारलंय. आजोबा तशाच गाडीवर बाजार करून यायचे म्हणे!

दुसरी पिन सॅम्पल म्हणून कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेली. टर्नरनं व्हर्नियर लावला, "एक एमएम पिच" (दोन आट्यांतलं अंतर) म्हणाला, आणि तासाभरात नवी पिन हातात. दिसायला हुबेहूब. पण जुना नट तीन आटे गुमान जातो आणि मग हलत नाही. टर्नर म्हणतोय नटाला टॅप मारून (आतले आटे नव्यानं पाडून) देतो. मारू द्यावा का?

बुलेट_सातारा
व्हॉल्व्हची ग्राइंडिंग पेस्ट लावून मागं-पुढं फिरवा, बसतो.

जुनाटर्नर
पेस्ट नको, टॅप तर मुळीच नको. तो नट अस्सल आहे, म्हणजे तेच तुमचं गेज. तो बिघडवलात की मापच गेलं.

जुन्या पिनेवर इंचाची पट्टी ठेवून आटे मोजा. एका इंचात २६ भरले तर तो सायकल थ्रेड. बीएसएवाल्यांनी तो जागोजागी वापरलाय. २६ आटे म्हणजे पिच ०.९७७ मिमी. तुमच्या माणसानं पाडला १ मिमी. दहा आट्यांत फरक जेमतेम पाव मिलिमीटर, म्हणून व्हर्नियरला फसला. त्यात दोन्हींच्या आट्यांचा कोन ६० अंश. व्हिटवर्थ (जुना इंग्लिश इंची आटा) असता तर ५५ चा कोन निदान पिच गेजवर दिसला असता.

आता लेथ. लीड स्क्रू (हत्यार पुढं सरकवणारा लांब स्क्रू) इंचाला ४ आट्यांचा असेल तर चाकांचं प्रमाण ४/२६, म्हणजे २/१३. तेरा आला की ६५ दात्यांचं चाक लागतं : २० दात्यांच्या चाकानं ६५ चं फिरवायचं, ५० च्यानं १०० चं. नव्या गिअरबॉक्सच्या लेथवर नुसता २६ चा दांडा ओढायचा.

आणि पिन कशाची केलीय? एमएस (साधं मऊ पोलाद) असेल तर तशीही भंगारात टाका. फोर्क आहे पोरा, गोठ्याचा अडसर नव्हे. ईएन २४ (मजबूत मिश्र पोलाद) घ्या.

आजोबांचीगाडी
काका, मोजले. २६! पिन एमएसचीच निघाली. टर्नरला सांगितलं तर आधी चिडला, मग स्वतःच पट्टी घेऊन मोजत बसला.

आजोबांचीगाडी (बारा दिवसांनी)
६५ चं चाक तीन दुकानांत नव्हतं. चौथ्यात एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी बाकड्याखालच्या डब्यातनं काढलं, फडक्यानं पुसलं आणि "हे कुणी मागितलं नव्हतं बऱ्याच वर्षांत" म्हणाले. ईएन २४ ची पिन झाली. ग्रीसचं भोक जुन्या पिनेवरनं मोजून पाडलं. नट शेवटपर्यंत दोन बोटांनी गेला, पाना लागलाच नाही.

आता नव्या पिनेवर जुने बुश (पिन ज्यात फिरते त्या नळ्या) खडखड वाजतायत. फॉस्फर ब्राँझचे करतोय. ठोकून बसवल्यावर भोक आवळतं, तेव्हा दोन्ही बुशांतनं एका रेषेत जाईल असा लांब रीमर (भोक मापात साफ करणारं हत्यार) सांगली-मिरजेत कुणाकडे आहे का?