जुन्या स्कूटरच्या रंगाची घरच्या घरी डागडुजी

प्रश्न (परभणी): वडिलांच्या १९९८ सालच्या स्कूटरच्या मडगार्डवर रुपयाएवढा पोपडा सुटून आत तांबूस गंज दिसू लागला आहे. संपूर्ण गाडी रंगवून वडिलांच्या हातची खूण पुसण्याची माझी इच्छा नाही; तेवढाच भाग कसा दुरुस्त करावा?

उत्तर (लातूर): गंज उरला तर वरचा रंग पुन्हा फुगतो, म्हणून १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, मग ३२० नंबरने कडा अशा उतरवा की बोट फिरवल्यावर पायरी लागू नये. प्राइमरचे (रंगाखालच्या अस्तराचे) दोन पातळ हात द्या आणि ते वाळल्यावर ६०० नंबरच्या वॉटर पेपरने (पाण्यात भिजवून वापरायच्या पॉलिश पेपरने) हलके घासून मगच रंग मारा.

उत्तर (बीड): मे महिन्यात भर दुपारी मात्र हे काम करू नका. पत्रा तापलेला असला की थिनर (रंग पातळ करणारे द्रावण) झटकन उडून जातो, रंग नीट पसरण्याआधीच वाळतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. वारा सुटण्याआधी, सकाळीच, अंगणात सडा टाकून धूळ बसवून घ्या, मास्क हवाच.

प्रश्नकर्ता: छटा कशी जुळवावी?

उत्तर (लातूर): डिकीचे झाकण रंगाच्या दुकानात न्या. त्याच्या आतला रंग मूळचा असतो, तरी जुळवणी बाहेरच्या, उन्हाने विटलेल्या रंगाशीच करून घ्या.