व्ही-क्रॉसला ट्रेलर ब्रेक कंट्रोलर बसवायचाय, वायरिंगचं कुणी सांगेल का?

निफाडकर_४बाय४
मंडळी नमस्कार. गाडी इसुझू व्ही-क्रॉस, एमएच १५. मिनी ट्रॅक्टर आणि बागेत औषध फवारायचा ब्लोअर न्यायला डबल अ‍ॅक्सलचा ट्रेलर बनवून घेतलाय, अ‍ॅक्सल बाहेरून मागवलेत, चारही चाकांना दहा इंची इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक. निफाड ते दिंडोरी काही टेन्शन नाही, पण मामांची शेती शहापूरकडे आणि एवढं सगळं भरून कसारा घाट उतरायचा म्हणजे नुसत्या गाडीच्या ब्रेकवर जीव धजावत नाही. ट्रेलरच्या ब्रेकला करंट सोडणारा कंट्रोलर ऑनलाईन मागवलाय, प्रपोर्शनल टाईप, चार वायरी आहेत, काळी पांढरी लाल निळी. आमचा इलेक्ट्रिशियन म्हणतो काळी लायटरच्या सॉकेटमागून घेतो, पांढरी डॅशबोर्डखाली कुठल्याही बोल्टला मारतो, लाल मागच्या लाईटमधून टॅप करून आणतो, दोन तासात गाडी घेऊन जा. मला ते काही पटेना, बरोबर आहे का हे?

सातपूर_वायरमन
दोन तासात होईल हो, पण मग घाटात कळेल काय झालंय ते. काळी वायर सॉकेटमागून अजिबात घेऊ देऊ नका. दहा इंची ड्रममधलं एक मॅग्नेट (करंट मिळाला की ब्रेक लावतं ते) पूर्ण ब्रेकला साधारण ३ अँपिअर ओढतं, तुमची चार म्हणजे १२ च्या आसपास, आणि सॉकेटचा फ्यूज १०-१५ चा, वर त्याची वायर शेवयांसारखी बारीक. काळी थेट बॅटरीच्या प्लसवरून आणायची, बॅटरीजवळच २० अँपिअरचा ऑटो रिसेट सर्किट ब्रेकर (जास्त करंट गेला की तोडतो, मग आपोआप परत जोडतो) टाकायचा, वायर किमान ४ स्क्वेअर एमएम, ६ मिळाली तर अजून बरं कारण ब्रेकला करंट नेणारी निळी वायर पार मागच्या प्लगपर्यंत जाते आणि तेवढ्या लांबीत व्होल्टेज पडतं. पांढरी पण थेट बॅटरीच्या मायनसला, रंग लावलेल्या पत्र्यावरच्या बोल्टची अर्थिंग आज लागते उद्या नाही. आणि काम सुरू करायच्या आधी बॅटरीची मायनस काढा. प्लस मायनस उलटं लागलं की कंट्रोलर गेलाच समजा, त्याला वॉरंटी कोणी देत नाही.

लाल वायर ब्रेक पॅडलच्या वर जो स्टॉप लाईट स्विच असतो तिथून घ्यायची, टेल लॅम्पमधून नाही. बऱ्याच कंट्रोलरमध्ये हाताने ब्रेक लावला की लाल वायरीतून उलटा करंट जाऊन गाडीचे ब्रेक लाईट पेटतात, त्यामुळे ती कुठेही टोचून चालत नाही.

निफाडकर_४बाय४
दादा फार उपकार. पण त्या स्विचला तर चार वायरी दिसतायत, त्यातली कुठली?

सातपूर_वायरमन
रंगावर जाऊ नका, मल्टिमीटर लावा. पॅडल सोडलेलं असताना शून्य आणि दाबल्यावर १२ व्होल्ट दाखवते ती आपली. कायम १२ दाखवणारी घेतली तर ट्रेलरचे ब्रेक सारखे लागून राहायची भीती. पॅडल न दाबता १२ आणि दाबल्यावर शून्य होणारी पण असते, ती क्रूझ कंट्रोल किंवा ईसीयूची (गाडीच्या कॉम्प्युटरची), तिला हात लावू नका. आणि वायर सोलून पिळून वरून टेप गुंडाळायचा प्रकार नको, सोल्डर करून हीट श्रिंक स्लीव्ह घाला.

बोलेरो_पिंपळगाव
एवढा कुटाणा कशाला राव, सीझनला टनाटनाने द्राक्षं भरलेल्या ट्रॉल्या बिनब्रेकच्याच फिरतात की बाजार समितीत 😄

घाटउतार
फिरतात, पण ट्रॅक्टर २० च्या स्पीडने जातो भाऊ, हा पिकअपने हायवेला ६०-७० ने जाणार. मागून दीड टनाने ढकललं की गाडीची शेपटी फिरते मग स्टिअरिंग धरून काही उपयोग नसतो.

निफाडकर, वायरिंग झालं की खरं काम गेन सेट करायचं, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागावेत ते. ट्रॅक्टर चढवूनच करायचं, रिकाम्या ट्रेलरवर केलेलं सेटिंग भरल्यावर कमी पडतं आणि भरलेल्याचं सेटिंग रिकाम्याला ठेवलं तर चाकं घासत जातात. सपाट रिकामा रस्ता बघा, ४० च्या स्पीडला फक्त कंट्रोलरचा लिव्हर पूर्ण दाबा, गाडीचा ब्रेक नाही. ट्रेलरची चाकं लॉक झाली तर गेन थोडा कमी करा, काही ओढच जाणवली नाही तर वाढवा, लॉक व्हायच्या जरा अलीकडे ठेवायचा. ब्रेक नवीन आहेत म्हणजे ब्रेक शू ड्रमला घासून नीट बसायला वेळ लागेल, काही दिवसांनी परत बघावं लागेल.

प्रपोर्शनल म्हणजे आत सेन्सर असतो, गाडी किती जोरात स्लो होतेय त्या हिशोबाने तो करंट सोडतो. म्हणून डबा घट्ट स्क्रूने बसवा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या अँगलमध्येच, डबल साईड टेपवर लटकवला तर खड्ड्यात पण ब्रेक लावेल. टाईम डिले वाला असता तर कुठेही चालला असता, पण त्याला ठरलेल्या वेळात ठरलेलाच करंट वाढवता येतो, घाटासाठी मला तो आवडत नाही.

आणि कसाऱ्याला उतरताना दुसऱ्या तिसऱ्या गिअरमध्येच ठेवा, ब्रेक थांबून थांबून मारा. सतत दाबून ठेवलं तर ट्रेलरचे ड्रम पण तापून ढिले पडतात. ट्रेलर डोलायला लागला तर गाडीचा ब्रेक न दाबता लिव्हर हळूच मारायचा, मागून ओढ बसते आणि तो सरळ होतो.

निफाडकर_४बाय४
ब्रेकअवे स्विच पण आलाय पाकिटात, तो लावणं गरजेचं आहे का?

सातपूर_वायरमन
लावाच. हुक सुटला तर त्याची पिन ओढली जाते आणि ट्रेलर स्वतःच्या बॅटरीवर ब्रेक लावतो, म्हणजे ट्रेलरवर वेगळी छोटी १२ व्होल्टची बॅटरी चार्ज असलेली पाहिजे, नुसता स्विच बसवून काही होत नाही. त्याची केबल गाडीच्या चासीला अडकवा, हुकच्या बॉलला नाही. बॉलच निसटला तर पिन ओढणार कोण.

बोलेरो_पिंपळगाव
आणि ट्रेलरची वेगळी नोंदणी केली का? कायद्यात ट्रेलर पण मोटार वाहनच धरलाय, आरटीओत विचारून घ्या आधी. कंट्रोलर कोणी बघणार नाही, नंबर प्लेट पहिली बघतील.

निफाडकर_४बाय४
पासिंगची फाईल एजंटकडे आहे, उद्या फोन लावतो. सर्किट ब्रेकर ऑटो रिसेटचा नाशिकात द्वारकेला मिळेल का कुठे? इकडे दुकानदार घरातली एमसीबी दाखवतोय.

सातपूर_वायरमन
एमसीबी नको. ट्रकचं इलेक्ट्रिकल सामान विकतात त्यांच्याकडे विचारा, पण १२ व्होल्टचा सांगून घ्या, त्यांच्याकडे जास्त माल २४ चाच असतो.