चेकपॉइंटवरून रन पुढे नेला की उत्तर वेगळं का येतं?

प्रश्न
रेणूंच्या सिम्युलेशनचा सी++ कोड आहे. १० लाख पायऱ्या सलग चालवल्या की एक उत्तर. ५ लाखांवर थांबवून, तिथली स्थिती साठवलेल्या फाइलमधून (चेकपॉइंट) कणांच्या जागा आणि वेग वाचून पुढे नेलं की शेवटी कण भलतीकडेच. सरासरी ऊर्जा मात्र जुळते. सगळे आकडे डबलमध्ये (६४ बिटांचा अपूर्णांक-प्रकार), मशीन आणि कंपायलर तेच. शोध कुठून सुरू करावा?

उत्तर १
आधी ती फाइल उघडा. आकडे मजकुरात लिहिले असतील आणि प्रिसिजन दिलं नसेल, तर सी++चा स्ट्रीम ६ सार्थ अंकच छापतो. डबल जसाच्या तसा परत मिळायला १७ लागतात; त्यापेक्षा सरळ बायनरीत लिहा.

दुखणं जुनंच आहे. १९६१मध्ये हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेंझ यांनी एलजीपी-३० या संगणकावर हवामानाचं मॉडेल मधूनच पुन्हा सुरू केलं, तेही छापील कागदावरचे आकडे भरून. मशीनमध्ये ०.५०६१२७, कागदावर ०.५०६. मॉडेलमधले दोन महिने सरेपर्यंत जुन्या रनशी काही मेळ उरला नाही. पहिला संशय मशीनमधल्या व्हॅक्यूम ट्यूबवर गेला. पण आकडे ओळीने ताडले तर सुरुवातीचे जुळत होते, मग शेवटच्या अंकात एकाचा फरक, मग काहींचा. ट्यूब गेली असती तर फरक एकदम पडला असता. तुम्हीही शेवट बघू नका, फरक पहिल्यांदा कुठे दिसतो ते बघा.

प्रश्नकर्ता
बायनरी केलं. फरक आता उशिरा दिसतो, पण दिसतोच.

उत्तर २
पुन्हा सुरू केल्यावर पहिल्याच पायरीची बलं दोन्ही रनमध्ये ताडा. सापेक्ष फरक १०⁻¹⁶च्या आसपास असेल तर बेरजेचा क्रम बदललाय. डबलमध्ये १०¹⁶ + १ − १०¹⁶ म्हणजे ०. वजाबाकी आधी केली तर १. रीस्टार्टला शेजाऱ्यांची यादी (कोणत्या कणाजवळ कोणते कण) नव्याने बनते आणि जोड्यांचा क्रम हलतो. म्हणून चेकपॉइंट लिहिताना सलग रनमध्येही यादी त्याच पायरीला नव्याने बांधा. थ्रेड अनेक असतील तर त्यांच्या बेरजांचा क्रमही ठरवून टाका.

बलं जुळली पण पुढच्या पायरीला वेग ठळक फरकाने चुकले, तर लीपफ्रॉगचे (जागा आणि वेग अर्ध्या पायरीच्या अंतराने मोजणारी पद्धत) अर्ध्या पायरीचे वेग पूर्ण पायरीचे समजून वाचले जातायत का बघा. नाहीतर थर्मोस्टॅटचा (तापमान राखणारा भाग) रँडम जनरेटर बघा. नुसतं सीड (जनरेटरचा सुरुवातीचा आकडा) साठवून भागत नाही. जनरेटर मर्सेन ट्विस्टर प्रकारचा असेल तर ३२ बिटांचे ६२४ शब्द आणि त्यातलं चालू स्थान, दोन्ही हवं.

उत्तर ३
एवढा अट्टहास चाचणीपुरताच ठेवा: एक थ्रेड, हजार पायऱ्या, बिटन्‌बिट जुळणी. मोठ्या रनमध्ये क्रम बांधला की वेग घटतो, आणि अशा प्रणालीत शेवटच्या बिटाचा फरकही वाढत जाऊन मार्ग बदलणारच. तिथे सरासरी आणि तिची त्रुटी बघायची.

उत्तर २
क्रमाबद्दल मान्य. सीडबद्दल नाही. दर रीस्टार्टला तेच सीड गेलं तर लँजेव्हिन थर्मोस्टॅट (कणांना यादृच्छिक धक्के देणारा) तेच धक्के पुन्हा पुन्हा देतो, आणि सरासरी ऊर्जा ठीक दिसली तरी नमुने स्वतंत्र राहत नाहीत.