मीटरच्या दिव्यावरून फ्रिजचा वीजवापर

प्रश्न: वॉटमीटर हाताशी नसताना फ्रिज किती वीज खातो, हे कसे काढावे? क्लॅम्प मीटर (तारेतला प्रवाह बाहेरूनच मोजणारा चिमटा) वायरीभोवती लावला, तर आकडा शून्यच दिसतो.

उत्तर: वायरीत फेज व न्यूट्रल (प्रवाह नेणारी व परत आणणारी तार) एकत्र असल्याने त्यांची चुंबकीय क्षेत्रे एकमेकांना निष्प्रभ करतात. मात्र त्यासाठी वायर सोलत बसू नये. बाकी सर्व उपकरणे बंद करून घरच्या मीटरचा लुकलुकणारा दिवा मोजावा. युनिटला (किलोवॅट-तासाला) ३२०० पल्स, म्हणजे दिव्याच्या ३२०० लुकलुकी, असे मीटरवर छापलेले असेल आणि ३ मिनिटांत १६ वेळा दिवा लागला, तर तासाला ३२० पल्स, म्हणजे ०.१ युनिट होते; म्हणून भार १०० वॅट निघतो.

प्रश्नकर्ता: १६च मोजले! पण नंतर कॉम्प्रेसर थांबला आणि दिवाही गप्प झाला.

दुसरे उत्तर: थर्मोस्टॅटमुळे (पुरेसे थंड झाले की कॉम्प्रेसर थांबवणाऱ्या भागामुळे) तसे होणारच. कॉम्प्रेसर दिवसाकाठी एकूण ८ तास चालत असेल, तर वापर सुमारे ०.८ युनिट धरावा.