टिनला ग्रीस, केकला घाम : केकच्या पाककृतीतले शब्द खटकत नाहीत का तुम्हाला?

पुरणयंत्र

रविवारी आई अंडी फेटत होती आणि मी मोबाइलवरून पाककृती मोठ्याने वाचत होते. "टिनला ग्रीस करा." आईचा हात थांबला. "सायकलचं?" पुढे आलं, "चॉकलेट कंपाउंड वितळवून घ्या". आमच्याकडे कंपाउंड म्हणजे ज्यावरून शेजारचं मांजर उडी मारतं ते. मग आलं "डर्टी आइसिंग", आणि तिथे मात्र तिने बीटर बाजूला ठेवून माझ्याकडे पाहिलं.

हसू आलं तरी मला हे खरंच खटकतं. ढोकळ्याच्या ताटाला आपण तुपाचा हात फिरवतो, मग केकच्या भांड्याला ग्रीस का? पण सगळ्यात वाईट शब्द मराठीतच आहे : ओलसर. मॉइस्ट केकचं हे भाषांतर कोणी केलं कोण जाणे. ओलसर म्हटलं की मला जुलैतले दोरीवरचे कपडे आठवतात आणि पोपडे आलेली भिंत. एक जण तर "आर्द्र चॉकलेट केक" लिहितो. हवामान खात्याचा केक!

इंग्रजीतही मॉइस्टची अशीच गत आहे. अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजच्या पॉल थिबोडो यांनी २०१६ मध्ये 'प्लॉस वन'मध्ये यावर अभ्यास छापला. दहा ते वीस टक्के लोकांना या शब्दाची किळस वाटते, असं त्यात निघालं. त्यांना हॉइस्ट, फॉइस्ट हे त्याच आवाजाचे शब्द चालत होते, पण कफ, ओकारी असले शब्द नकोसे वाटत होते. म्हणजे बिघाड उच्चारात नाही, अर्थात आहे. मग आपल्याला ओलसर नको वाटणं हा चोचलेपणा कसा?

तुमचे नावडते शब्द सांगा.

ठाण्याची_बेकरीण

अकरा वर्षं ऑर्डरी घेते आहे, त्यामुळे जरा स्पष्ट बोलते. हे शब्द खाणाऱ्यासाठी नाहीतच. ते हत्यारांची नावं आहेत. सुतार रंधा म्हणतो, कानस म्हणतो, त्यात भूक लागण्यासारखं काय असतं?

डर्टी आइसिंग म्हणजे काय ते आधी पाहा. केकचे थर कापले की कडेने चुरा सुटतो. त्यावर थेट शेवटचं क्रीम लावलं तर पांढऱ्या केकवर तपकिरी ठिपके. म्हणून आधी क्रीमचा पातळ हात द्यायचा, चुरा त्यात अडकवायचा, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचं आणि मग वरचा स्वच्छ थर. तो पहिला हात दिसतोच घाणेरडा. आम्ही बहुतेक जणी क्रम कोट म्हणतो, पण डर्टी म्हटलं की मदतीला आलेल्या नव्या मुलीला एका शब्दात कळतं की इथे सफाई करत बसायचं नाही. तुमचा "तुपाचा हात" गोड आहे. पण मी टिनला तूप लावत नाही, तेल लावते, वर बटर पेपर. काय म्हणू? तेलाचा हात, कागदाचा पाय?

आसट_खिचडी

तेलाचा हात असंच म्हणतात की हो. माझी आजी भाकरीच्या पिठाला पाण्याचा हात आणि अनारशाला खसखशीचा हात म्हणायची. हात कशाचाही चालतो.

मुद्दा असा की आपल्याकडे या जिनसा सांगायला शब्दांची ददात नाही. सरसरीत, रवाळ, जाळीदार, खुसखुशीत, गिच्च, चिवट, सादळलेलं. पाकाच्या तर तारा मोजतो आपण. एवढं सगळं घरात असताना "स्टिफ पीक्स"चं "कडक शिखरं येईपर्यंत फेटा" करायची काय गरज? मी वाचलं तेव्हा मला कळसूबाईच दिसलं. "चमचा उलटा धरला तर पडणार नाही इतपत फेटा" लिहा, संपलं.

आणि पुरणयंत्रबाई, ओलसरला जोड शब्द हवा तर माझं नाव वाचा. खिचडी कोरडी नको, पाणीदार नको, तर आसट.

ओव्हनखालचा_उंदीर

आसट केक. 😂 ताटात वाढून वर साजूक तूप घ्यायचं का? सोबत पापड?

पुरणयंत्र

आसट मला मनापासून आवडतो, पण केकला नाही बसत. त्यात डावाने वाढायचं काहीतरी आहे. लुसलुशीत का नाही चालत?

ठाण्याची_बेकरीण

कारण लुसलुशीत म्हणजे मऊ, आणि मऊ म्हणजे मॉइस्ट नव्हे. तुमच्या शब्दांच्या नादात इथे माझा धंदा बसेल!

नुसत्या अंडी-साखर-मैद्याचा स्पंज बोटाने दाबला तर लगेच वर येतो. लुसलुशीत आहे, पण खाल्ला तर कोरडा. म्हणून त्यावर साखरपाणी शिंपडावं लागतं. तेलाचा केक त्याच्या उलट. तेल फ्रीजमध्येही पातळ राहतं, बटर थंड झालं की घट्ट होतं. म्हणून तेलाचा केक दुसऱ्या दिवशीही मॉइस्ट लागतो आणि बटरचा थंड केक लाकडासारखा. साखर कमी करा म्हणणाऱ्यांनी हेही ऐका : साखर नुसती गोडीला नसते, ती पाणी धरून ठेवते. "गोड कमी" म्हणून निम्मी साखर काढली की केक मॉइस्ट राहत नाही, लुसलुशीत कदाचित राहील. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका शब्दात कोंबू नका.

उकडीचा

मग मुरलेला म्हणा. गुलाबजाम पाकात मुरतो, लोणचं मुरतं, साखरपाणी केकमध्ये मुरतं. नाताळच्या केकसाठी फळं रममध्ये मुरवतोच ना आपण? त्याला सोकिंग म्हणत बसणाऱ्यांची मला गंमत वाटते.

ओव्हनखालचा_उंदीर

मुरलेला हा क्रिया संपल्याचा शब्द आहे. ओव्हनमधून नुकताच निघालेला ब्राउनी कुठे मुरलाय? आणि "मुरलेला" मी फक्त लोणचं आणि राजकारणी यांच्यासाठी राखून ठेवलाय.

पणजीकर_पाव

आमच्याकडे रवा-खोबऱ्याचा केक करतात, त्याचं नाव बाथ. आम्ही बाथ खातो. आजवर कोणाला किळस आली नाही. सवयीचा प्रश्न आहे.

फ्रेंच_शिकतेय

फोंडंट, म्हणजे केकवरचं साखरेचं आवरण, हा फ्रेंच शब्द. अर्थ, वितळणारा. तो पातळ ओतायचा असतो तेव्हा खरंच जिभेवर वितळतो. आपल्याकडे पोळीसारखा लाटून केकवर अंथरतात तो चावून चावून दाढ दुखते. आणि चॉकलेट-क्रीमच्या मिश्रणाला म्हणतात तो गनाश म्हणजे फ्रेंचमध्ये घोड्याचा जबडा, किंवा मठ्ठ माणूस. लोक गनाचे म्हणतात त्याला हसू नका, मूळ अर्थ कळला तर गनाचेच बरं वाटेल. डेकडंट हा तर कळस! त्याचं आणि डिके म्हणजे कुजण्याचं मूळ एकच. "डेकडंट चॉकलेट केक" वाचलं की मी आधी तारीख बघते.

यम्मीबद्दल बोलायचं नाही असं ठरवलंय.

मुलुंडचा_पंखा

ठाण्याच्या ताई, फोंडंटला घाम सुटतो असं तुम्ही लोक म्हणता. मेव्हण्याच्या साखरपुड्याला केक आला, बाई टेबलाशी उभ्या राहून सगळ्यांदेखत म्हणाल्या, "एसी वाढवा, केकला घाम सुटलाय." माझा घास तिथेच थांबला. हे हत्यारांच्या नावांत बसतं का?

ठाण्याची_बेकरीण

नाही. हे गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही, मान्य. पण प्रकार तोच आहे हो. थंड केक दमट हवेत काढला की बाहेरचं बाष्प त्यावर जमतं, फोंडंट चिकट आणि चकचकीत होतो. तेव्हा बोट लावायचं नाही, वाळू द्यायचं. "घाम" म्हटलं की ऑर्डर पोचवणारा मुलगा हात मागे घेतो. "पृष्ठभागावर बाष्प जमलंय" म्हटलं तर तो तोवर बोटाचा ठसा उमटवून मोकळा झालेला असतो.

साखर_कमी_चहा

तुम्ही सगळे कुरूप शब्दांच्या मागे लागलाय. मला भीती वाटते ती देखण्या शब्दांची.

केकवर सोनेरी चमचम मारतात तिच्या डबीवर लिहिलेलं असतं, "नॉन-टॉक्सिक". वाचून वाटतं खायला चालेल. अमेरिकेत ऱ्होड आयलंडमध्ये २०१८ साली वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले. वरची गुलाबी-सोनेरी पूड म्हणजे तांब्याची बारीक भुकटी निघाली, आणि असल्या काही डब्यांवर नॉन-टॉक्सिकच लिहिलेलं असतं. तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२१ मध्ये यावर अहवाल काढला. नॉन-टॉक्सिक म्हणजे खाण्यायोग्य नव्हे. खायची पूड असेल तर लेबलवर तसं लिहिलेलं असतं आणि घटकांची यादी असते. हा शब्द ऐकून कोणाला किळस येत नाही, हीच त्याची अडचण.

दुसरा शब्द "फ्रेश क्रीम केक". पाटीवर फ्रेश क्रीम, आत पामच्या बियांच्या तेलाचं टॉपिंग. ना ते ताजं, ना क्रीम. ग्रीसला नावं ठेवता, ते निदान खरं तरी बोलतं!

ठाण्याची_बेकरीण

चमचमबाबत शंभर टक्के सहमत. मी डबीवर घटक नसतील तर घेत नाही.

क्रीमबाबत अर्धी सहमत. दुधाचं क्रीम ताठ फेटायला साधारण ३५ टक्के स्निग्धांश लागतो. किराणा दुकानात फ्रेश क्रीम म्हणून जो खोका मिळतो त्यात बहुतेक वेळा २५ टक्के, तो भाजीत घालायला ठीक. आणि ३५वालं आणलं तरी मेमध्ये घोडबंदर रोडवर अर्ध्या वाटेत गुलाबाची फुलं वाहून जातात. टॉपिंग टिकतं, स्वस्त पडतं. वापरते मी. पण माझ्या यादीत "नॉन-डेअरी व्हिप" असंच लिहिलेलं आहे. ते वाचून दोघी-तिघींनी ऑर्डर फिरवली आणि फ्रेश क्रीम लिहिणाऱ्याकडे गेल्या. त्यालाही तेच टॉपिंग देणारा दुकानदार आमचा एकच आहे.

उकडीचा

हे मात्र वाईट आहे.

ओव्हनखालचा_उंदीर

मला नेकेड केकबद्दल बोलायचं होतं, पण वातावरण गंभीर झालं. तरी सांगतो. मावशीच्या पंच्याहत्तरीला ताईने कडेला क्रीम न लावलेला केक मागवला. मावशीने नाव विचारलं. ताईने सांगितलं. मावशी म्हणाली, "घालायचं ना बिचाऱ्याला काहीतरी."

आसट_खिचडी

तिरामिसूला लेडी फिंगर नावाची बिस्किटं लागतात. नवऱ्याला लेडी फिंगर आणायला सांगितलं, तो अर्धा किलो भेंडी घेऊन आला. कोवळी होती. भाजी छान झाली.

पुरणयंत्र

सगळं वाचलं. ताई, डर्टी आइसिंगवरचा आक्षेप मागे घेते, कंपाउंडवरचा नाही. कोकोच्या लोण्याऐवजी दुसरं तेल घातलेल्या वडीला वडीच म्हणा, चॉकलेटही नको आणि भिंतही नको.

ओलसरवर मात्र ठाम आहे. रविवारचा केक कसा झाला ते आईला विचारलं. तो तेलातलाच केला होता. तिने मधला तुकडा काढला, पाण्याचा पेला जवळ ओढून ठेवला (तिला बाहेरच्या केकचा अनुभव आहे), खाल्ला, पेल्याला हात लावला नाही. म्हणाली, "तोठरा नाही बसला."

मला वाटतं मॉइस्ट म्हणजे तेच.

ठाण्याची_बेकरीण

छान. म्हणजे उद्यापासून यादीत लिहिते : "तोठरा न बसणारा चॉकलेट केक, अर्धा किलो". एक तरी ऑर्डर येईल का सांगा.

पुरणयंत्र

एक आली. शनिवारी संध्याकाळी सहाला, एगलेस नको. घाम पुसून पाठवा.