मदत हवी आहे: निर्गुडीच्या अर्काचं इनहिबिशन उणे येतंय

बांधावरची: निर्गुडीच्या पानांच्या अर्कावर अल्ब्युमिन डिनॅच्युरेशन करतेय, म्हणजे अल्ब्युमिन हे प्रथिन तापवून गढूळ होणं अर्क किती टक्के रोखतो (इनहिबिशन) ते मोजायची सूजविरोधी टेस्ट. तुलनेला घेतलेलं डायक्लोफेनॅक (सुजेवरचं औषध) व्यवस्थित, डोस वाढवला की इनहिबिशन वाढतं. अर्काचं उलटं. कमी डोसला थोडंफार दिसतं, मग घसरत थेट उणे. अल्ब्युमिन नवीन आणलं, बफर नव्याने केला, तरी तेच. गाईड म्हणतात पुन्हा कर. सोमवारी आकडे दाखवायचेत. आमच्याकडे सांधा सुजला की निर्गुडीचाच पाला तव्यावर गरम करून बांधतात, त्यामुळे झाडात काही नाही हे मला पटत नाही. कुणी केलंय का? लवकर सांगा प्लीज.

रानवाटा: अर्क कशात काढलाय? रीडिंग किती नॅनोमीटरला? ब्लँक (यंत्र शून्यावर आणायची नळी) कशाचा? झाडाची ओळख कुणाकडून पटवली? व्हायटेक्स नेगुंडोला पाच पर्णिका असतात तशा तीनही असतात, आणि व्हायटेक्स ट्रायफोलियाही निर्गुडी म्हणूनच खपते. नुसती पानं मोजून भागत नाही.

बांधावरची: इथेनॉल. ६६०. ब्लँक बफरचा. झाड आमच्या बांधावरचंच आहे, त्यात शंका नाही. प्रश्न रीडिंगचा आहे.

रानवाटा: शंका तुम्हाला नसेल, परीक्षकांना असेल. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हेच्या कार्यालयात फुलासकट फांदी देऊन ओळख पटवून घ्या.

जुना_फार्माकॉलॉजिस्ट: नळीतल्या टेस्टवर वेळ घालवू नका. १९६२ पासून कॅरागीननची (सूज आणणाऱ्या पदार्थाची) टेस्ट चालत आलीय ती उगाच नाही. विस्टार उंदराच्या तळपायात १ टक्का कॅरागीनन ०.१ मिली, प्लेथिस्मोमीटरवर (पंजाचं आकारमान मोजायच्या यंत्रावर) दर तासाला पंजा मोजायचा. सुरुवातीची सूज हिस्टामिन-सिरोटोनिनची, तिसऱ्या तासाच्या आसपासची प्रोस्टाग्लँडिनची. अर्क नेमका कुठे काम करतो ते तिथे कळतं.

टिटवी: सर, सोमवारपर्यंत प्राण्यांच्या एथिक्स समितीची मंजुरी कुठून आणायची त्यांनी? आणि नळीतलं धड कळलं नसताना उंदरांवर जायचंच कशाला?

जुना_फार्माकॉलॉजिस्ट: मंजुरीला वेळ लागतो हे मान्य. पण अंड्याचं अल्ब्युमिन गोठलं नाही म्हणजे सूज उतरली, हे मी तरी लिहू देणार नाही.

सुमती_काकू: माझ्या गुडघ्यांना निर्गुडीचं तेल लावते, बरं वाटतं. काढा पोटातून घेतला तर चालेल का गं? किती घ्यायचा?

टिटवी: काकू, तेल लावत राहा. पोटातून घ्यायचं तर आधी डॉक्टरांना किंवा वैद्यांना दाखवा, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. त्यासाठी वेगळा धागा काढा ना, इथे हिचा प्रश्न राहून जाईल.

बांधावरची, तुझा अर्क हिरवागार आहे ना? क्लोरोफिल ६६० च्या आसपासच जोरात शोषतं. यंत्राला गढूळपणा आणि हिरवा रंग यांतला फरक कळत नाही. डोस वाढला की रंग वाढतो, सॅम्पलचं रीडिंग कंट्रोलच्या (अर्काशिवायच्या नळीच्या) वर जातं आणि सूत्रात उत्तर उणे येतं. डायक्लोफेनॅक रंगहीन, म्हणून ते सुरळीत. प्रत्येक डोसला अल्ब्युमिनशिवाय नुसता अर्क बफरमध्ये घे, तसाच तापव आणि ते रीडिंग वजा कर.

रानवाटा: पेट्रोलियम इथरने आधी धुवून घेतलं की क्लोरोफिलचं झंझट बरंच कमी होईल.

टिटवी: त्यात तेलकट घटकही जातात, आणि लोक तर निर्गुडीचं तेलच वापरतात. आधी ब्लँक. शिवाय अजून एक नळी लाव: अर्क आणि अल्ब्युमिन, पण न तापवता. टॅनिन प्रथिनाला चिकटतं, ते असेल तर तिथेच साका धरेल.

बांधावरची: केलं. नुसत्या अर्काचंच रीडिंग भरपूर आहे! वजा केल्यावर खालचे डोस चढत्या क्रमाने आले. सगळ्यात वरचा अजून उणे, आणि त्याचीच न तापवलेली नळी लगेच दुधाळ झाली. पीव्हीपीपी (टॅनिन ओढून घेणारी पावडर) घालून टॅनिन काढू का?

टिटवी: नको. पीव्हीपीपी फ्लॅव्होनॉइडही ओढून घेतं, मग निर्गुडीतल्या कॅस्टिसिन या फ्लॅव्होनॉइडसारखं जे शोधायचंय तेच हातचं जायचं. वरचा डोस आलेखातून गाळू नकोस, दाखव आणि शेजारी न तापवलेल्या नळीचा आकडा दे. तीन-तीन नळ्या लावल्यास का?

बांधावरची: ब्लँकच्या एकेकच लावल्या. आता लॅब बंद होतेय.

टिटवी: मग उद्या सकाळी तेवढंच कर. अर्क फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ दे आणि क्युव्हेटमध्ये घालण्याआधी नळी हलव, गाळ तळाशी बसतो.