मदत हवी आहे: कुजक्या ओंडक्यावरचं दुर्मिळ मॉस वाचवायचंय, कमिटीला कसं पटवू?

नमस्कार मंडळी, मी मूळची देवरुखची, सध्या स्कॉटलंडमध्ये केर्नगॉर्म्सच्या पायथ्याशी राहते. आमच्या गावाचं छोटं जंगल आहे, पाइन आणि स्प्रूसचं, गावातलीच एक कमिटी ते बघते आणि मी शनिवारी तिथे मदतीला जाते. गेल्या महिन्यातल्या वादळात बरीच झाडं आडवी झालीयेत आणि आता ठरलंय की मार्चमध्ये मशीन लावून पडलेलं सगळं लाकूड, जुनं-नवं सगळंच, उचलून जंगल साफ करायचं.

परवा ओढ्याकाठच्या एका ओंडक्यावर, तो इतका कुजलाय की बोट खुपसलं तर आत जातं, मला हिरवी बोंडं दिसली. नऊ मोजली. सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच, आखूड जाडसर तांबूस देठ, त्यावर तिरकं फुगलेलं बोंड, आणि खाली पान म्हणून काही दिसतच नाही. फोटो टाकलेत. मला वाटतं हे ग्रीन शील्ड मॉस, म्हणजे बक्सबॉमिया व्हिरिडिस. (शेवाळ म्हटलं की पाण्यातलं डोळ्यासमोर येतं म्हणून मॉस लिहितेय, पावसाळ्यात आपल्याकडे गडग्यावर हिरवी मखमल चढते ना, त्या जातकुळीतलं.)

वाचलं त्यावरून याची पानं जवळजवळ नसल्यातच जमा, एरवी बारीक तंतूंच्या रूपात लाकडावर लपून असतं आणि बीजाणूंचं बोंड आलं तरच माणसाला दिसतं. इथे १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याच्या शेड्यूल ८ मध्ये, म्हणजे संरक्षित वनस्पतींच्या यादीत, त्याचं नाव आहे. मला रात्री झोप लागत नाहीये, खरंच.

ओळख बरोबर आहे का? कमिटीतले एक आजोबा, माणूस फार चांगला, म्हणतात तो एक ओंडका उचलून कडेला ठेवू, चालेल का? आणि बिनशंखाच्या गोगलगायी बोंडं खातात म्हणे, तर जाळी लावू का?

पाणकळा: ताई, मी स्वीडनमध्ये फॉरेस्ट्रीत आहे, आमच्याकडेही हे सापडतं. फोटोवरून व्हिरिडिसच वाटतंय. त्याचं भावंड अफायला बहुतेक मातीवर येतं आणि त्याचं बोंड वरून चपटं, तपकिरी चकचकीत असतं. तरी ब्रिटिश ब्रायोलॉजिकल सोसायटीचे, म्हणजे मॉसच्या अभ्यासकांच्या संस्थेचे, तुमच्या भागातले नोंदी ठेवणारे रेकॉर्डर असतात, त्यांना फोटो आणि नेमकी जागा कळवा, इथे जागा टाकू नका.

ओंडका अजिबात हलवू देऊ नका. त्याला सावली आणि सतत ओल लागते, उघड्यावर नेलात तर लाकूड सुकेल आणि बोंडं पिकायच्या आधीच वाळतील, ती पिकणार उन्हाळ्याच्या तोंडाला. आजूबाजूची उभी झाडं काढली तरी हाच परिणाम. जाळीच्या नादाला लागू नका, गोगलगायी आणि उंदीर काही बोंडं खाणारच, तुमच्या येण्याजाण्याने ओंडका तुडवला जाईल ते जास्त वाईट.

आणि एक, फक्त हा ओंडका मागू नका. लाकूड ठरावीक कुजलेलं असतं तेवढीच वर्षं हे मॉस त्यावर टिकतं, मग ओंडक्याचा भुगा होतो आणि बीजाणूंना जवळच दुसरा कुजका ओंडका लागतो. आज पडलेली झाडं तशी व्हायला कित्येक वर्षं जातील, म्हणून ती आत्ताच राखायला हवीत. बोंड नाही म्हणजे मॉस नाही असंही धरू नका, फ्रान्समध्ये नुसते तंतू शोधल्यावर ते बोंडं नसलेल्या लाकडांवरही सापडलंय.

सड्यावरची: आमच्या देवराईत पडलेलं झाड देवाचं, सरपणालाही कोणी नेत नाही. आजोबांना हे सांगून बघा, कायद्याआधी.

धागाकर्ती: पाणकळा, खूप खूप आभार, मी फक्त एकाच ओंडक्याचा विचार करत बसले होते. रेकॉर्डरना मेल केलाय, नेचरस्कॉट या इथल्या सरकारी निसर्गसंस्थेलाही करतेय, कारण संरक्षित मॉस मुद्दाम किंवा बेफिकिरीने नष्ट करणं इथे गुन्हा आहे हे कमिटीला त्यांच्याकडून कळलेलं बरं. आता मागणी अशी करणार, पायवाटेवर आडवी आलेली झाडं तेवढी काढा आणि ओढ्याकाठचा पूर्ण पट्टा जसा आहे तसा सोडा. सड्यावरची, देवराईचं आजोबांना सांगितलं, ते म्हणाले शनिवारी मला ती बोंडं दाखव. भिंग घेऊन जातेय.